रंगीत खडा पहिल्यांदा घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं काम खडे तपासण्याचं. झवेरी बाजारातल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मी सूक्ष्मदर्शक घेऊन बसते. लग्नसराई आली, धनत्रयोदशी जवळ आली की फोनवर आणि निरोपांतून तेच तेच प्रश्न येतात. त्रास याचा होतो की बहुतेक जण खडा घेऊन झाल्यावर विचारतात. निदान पुढच्यांना ही उत्तरं दुकानाची पायरी चढण्याआधी मिळावीत, म्हणून ती इथे एकत्र लिहिली आहेत.

१. रंगीत खडा पहिल्यांदाच घेतोय. सुरुवात कुठून करू?

आधी ठरवा, खडा कशासाठी हवा आहे. रोज बोटात घालायची अंगठी, सणासुदीला घालायचं पदक आणि ज्योतिषांनी सांगितलेलं रत्न या तीन वेगळ्या खरेद्या आहेत. मग पैशाची मर्यादा ठरवा आणि ती दुकानदाराला लगेच सांगू नका. पहिल्या फेरीत काहीच न घेता पंधरा-वीस खडे नुसते पाहा. एकाच जातीचे पाच खडे शेजारी ठेवायला सांगा. तीन हजारांच्या आणि तीस हजारांच्या नीलमात काय फरक आहे, हे कुणी समजावून सांगण्यापेक्षा असं शेजारी ठेवल्यावर डोळ्यांना लवकर कळतं.

२. माणिक, नीलम, पुष्कराज, पाचू: हे सगळे वेगवेगळे दगड ना?

पहिले तीन एकाच खनिजाचे, म्हणजे कुरुंदाचे. त्यात क्रोमियम असलं की तांबडं माणिक, लोह आणि टायटॅनियम असलं की निळा नीलम, आणि पिवळा तो आपल्या बाजारातला पुष्कराज. म्हणून तिघांची कठीणता सारखीच, मोह्सच्या मापावर ९. पाचू बेरिल नावाच्या वेगळ्या खनिजाचा, कठीणता साडेसात ते आठ. गोमेद गार्नेटच्या कुळातला आणि लसण्या क्रायसोबेरिल. मोती आणि पोवळं हे दगड नाहीतच. ते पाण्यातल्या जीवांपासून येतात आणि बरेच मऊ असतात.

पुष्कराजाच्या बाबतीत सावध राहा. मराठी-हिंदीत पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम, पण इंग्रजी शब्दकोशात त्याचं भाषांतर टोपाझ असं सापडतं. टोपाझ हे निराळं आणि बरंच स्वस्त खनिज आहे. त्याहून स्वस्त सुनेला, म्हणजे सिट्रिन. पावतीवर नुसतं 'पुष्कराज' लिहून चालणार नाही. 'पिवळा नीलम' किंवा 'यलो सफायर' असं लिहून घ्या.

३. कॅरेट आणि रत्ती यांचा हिशोब कसा करायचा?

एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, जगभर एकच. सोन्याचं २२ कॅरेट हे शुद्धतेचं माप आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. घोळ होतो तो रत्तीत, कारण रत्ती दोन आहेत. कच्ची रत्ती साधारण १२१.५ मिलिग्रॅम आणि पक्की रत्ती साधारण १८२ मिलिग्रॅम. पाच रत्ती कच्ची धरली तर ३.०४ कॅरेट, पक्की धरली तर ४.५५ कॅरेट. कॅरेटला दहा हजार भाव असेल, तर एका शब्दामुळे पंधरा हजारांचा फरक पडतो. भाव आणि वजन दोन्ही कॅरेटमध्येच बोला आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर दोन दशांश स्थळांपर्यंत डोळ्यांसमोर वजन करून घ्या.

दोन कॅरेटचा खडा एक कॅरेटच्या दुप्पट किमतीला मिळेल असंही धरू नका. मोठा आणि चांगला खडा दुर्मीळ, म्हणून वजनाबरोबर कॅरेटचा भावही चढतो. शिवाय पाचू माणकापेक्षा हलका असतो. त्यामुळे एक कॅरेटचा पाचू एक कॅरेटच्या माणकापेक्षा मोठा दिसतो, त्यात फसवणूक नाही.

४. रंग कसा पाहायचा? दुकानात सगळेच सुंदर दिसतात.

दिसणारच, ते दिवे त्यासाठीच लावलेले असतात. पिवळट दिव्याखाली माणिक पेटल्यासारखं दिसतं आणि नीलम मंदावतो. पांढऱ्या दिव्याखाली उलट. म्हणून खडा खिडकीशी न्या. थेट ऊन नको, पसरलेला उजेड हवा. झवेरी बाजारातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की तळमजल्यावर दुपारीही ट्यूब जळते. तिथे सरळ म्हणा, 'जरा बाहेर उजेडात पाहू द्या'. चांगला दुकानदार माणूस सोबत देऊन पाठवतो, त्यात अवघडण्यासारखं काही नाही. पुडीचा कागद रंगीत असेल तर खडा आधी पांढऱ्या कागदावर घ्या आणि मग दोन बोटांच्या बेचक्यात धरा, कारण शेवटी तो त्वचेवरच दिसणार आहे.

समोरून पाहताना मध्यभागी फिकट भोक पडल्यासारखं दिसून खालची बोटाची रेघ आरपार दिसत असेल, तर घडाई उथळ आहे. बराचसा भाग काळा पडत असेल तर एक तर रंग फार गडद आहे किंवा खडा वजन राखायला खोल ठेवला आहे. नीलम आणि पुष्कराज उलटा करून बाजूनेही पाहा. कधी रंग एका कोपऱ्यातच असतो आणि कारागिराने तो कुशलतेने तळाशी आणलेला असतो. हा दोष नव्हे, पण भाव करताना माहीत हवा.

५. आत रेघा आणि ठिपके दिसतात. खडा खराब आहे का?

जमिनीत तयार झालेल्या खड्यात काहीतरी असतंच. पाचूत तर धागे, भेगा नसतील तर मलाच शंका येते. बघायचं एवढंच की भेग पृष्ठभागापर्यंत आली आहे का, आणि ती कडेला किंवा टोकाला आहे का. तिथली भेग कोंदणात बसवताना तुटते. नीलमात सुयांसारखे बारीक तंतू दिसतात, त्याला रेशीम म्हणतात. ते शाबूत असेल तर खडा जास्त तापवलेला नसावा, अशी चांगली खूण मिळते. मोठं, नितळ, लालभडक आणि स्वस्त, असं चारही गुणांचं माणिक मात्र मी तपासल्याशिवाय घेणार नाही.

६. दुकानदार 'नैसर्गिक', 'अस्सल', 'लॅबचा' असे शब्द वापरतात. अर्थ काय?

नैसर्गिक म्हणजे जमिनीतून आलेला. कृत्रिम किंवा 'लॅबचा' म्हणजे कारखान्यात वाढवलेला, पण रसायन आणि कठीणता तीच. व्हेर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्वालेत माणिक बनवण्याची रीत १९०२ मध्ये जाहीर केली, तेव्हापासून असे खडे बाजारात आहेत. नक्कल म्हणजे काच किंवा दुसराच दगड. आणखी एक प्रकार म्हणजे डब्लेट: वर खऱ्या दगडाची चकती आणि खाली काच, मध्ये गोंद. 'अस्सल' या शब्दाला पावतीवर काही वजन नाही. कृत्रिम खडा घेण्यात गैर काही नाही, फक्त तो कृत्रिम म्हणून आणि त्याच भावाने घ्यावा.

नैसर्गिक म्हणजे हात न लावलेला, हा मात्र गैरसमज आहे. त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

७. 'हीट' केलेला खडा म्हणजे खोटा का? आणि 'ग्लास फिल्ड' काय असतं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

बाजारातली बहुतेक माणकं आणि नीलम भट्टीत तापवलेले असतात. हजार अंशांच्या वर तापवल्यावर रेशीम विरघळतं आणि रंग खुलतो. तो बदल कायमचा असतो आणि जगभर मान्य आहे. असा खडा खोटा नाही. मात्र त्याच रंगाचा न तापवलेला खडा दुर्मीळ, म्हणून महाग. तापवलेल्या खड्यासाठी न तापवलेल्याचा भाव देऊ नका, एवढंच.

दुसरी पायरी डिफ्यूजनची. तापवताना बाहेरून मूलद्रव्य शिरवून रंग आणतात. टायटॅनियमने आणलेला निळा रंग वरच्या थरातच राहतो, खड्याला पुन्हा पैलू पाडले तर निघून जातो. बेरिलियम खोलवर शिरतं. पिवळ्या आणि केशरी खड्यांत हे या शतकाच्या सुरुवातीपासून फार दिसतं आणि ते ओळखायला महागडी यंत्रं लागतात. म्हणून झगझगीत पिवळा पुष्कराज स्वस्तात मिळत असेल तर 'डिफ्यूजन नाही ना?' हा प्रश्न आधी विचारा.

तिसरी पायरी काचेची, आणि तिथेच मला सर्वांत जास्त रडवेले चेहरे दिसतात. भेगांनी भरलेलं, जवळजवळ अपारदर्शक माणिक घ्यायचं आणि भेगांत शिशाची काच वितळवून भरायची. दिसायला तांबडं, झळाळतं. माझ्या आत्याने साठीला स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून माणकाची अंगठी घेतली. पावतीवर 'नैसर्गिक माणिक' होतं. गणपतीच्या आधी घरातली तांब्यापितळेची भांडी लिंबाने घासायला काढली, तेव्हा तिने अंगठीही लिंबाच्या रसाच्या वाटीत टाकली आणि कामाच्या गडबडीत दोन दिवस विसरली. बाहेर काढली तेव्हा खड्यावर केसाएवढ्या पांढुरक्या रेघांचं जाळं होतं आणि नख फिरवलं तर रेघा नखाला लागत होत्या. आम्लाने काच खाल्ली होती. पावती खोटी नव्हती, माणिक नैसर्गिकच होतं. फक्त भेगांत भरलेल्या काचेबद्दल कुणी एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं. तेव्हा मी या कामात नवखी होते, मला विचारलं असतं तरी मी कदाचित ओळखलं नसतं.

अशा खड्याला लिंबू जसं चालत नाही, तसं सोनाराचं आम्लही चालत नाही आणि डाक देतानाची आचही चालत नाही. अंगठी मोठी करायला दिली आणि माणिक पांढरं होऊन आलं, ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते. बहुतेक वेळा खडा बदललेला नसतो, काच गेलेली असते.

पाचूची गोष्ट वेगळी. त्याच्या भेगांत तेल भरायची रीत जुनी आणि सर्वमान्य आहे. किती तेल, एवढाच प्रश्न असतो: अगदी थोडं, मध्यम की भरपूर. भरपूर असेल तर ते काही वर्षांनी सुकतं आणि भेगा उघड्या पडतात. हिरवा रंग घातलेलं तेल मात्र सरळसरळ फसवणूक आहे.

८. दुधात टाकून, काचेवर ओरखडा काढून घरी तपासता येतो का?

नाही. नीलमाने दूध निळं दिसतं, पाचूने पाणी हिरवं दिसतं, या गोष्टींवर पैसे लावू नका. कृत्रिम माणिकही काचेवर ओरखडा काढतंच, कारण कठीणता तीच. खडा जाळून पाहू तर मुळीच नका. दहापट मोठं दाखवणारं भिंग मात्र जवळ ठेवा. त्यातून गोल बुडबुडे दिसले तर काचेचा संशय घ्या, गाण्याच्या तबकडीसारख्या वक्र रेषा दिसल्या तर ज्वालेत बनवलेल्या खड्याचा. रंग भेगांतच साचलेला दिसला तर तो वरून भरलेला असू शकतो. बाजूने पाहताना खड्याच्या कमरेपाशी, म्हणजे सर्वांत रुंद कडेपाशी, जोडाची रेघ दिसली तर डब्लेट. भिंगाने संशय घेता येतो, खात्री प्रयोगशाळेतच होते.

९. सर्टिफिकेट कुणाचं घ्यावं? मुंबईत कुठे तपासून मिळेल?

मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, जीआयए आणि आयजीआय यांच्या प्रयोगशाळा आहेत. जयपूर हे रंगीत खड्यांच्या घडाईचं मोठं केंद्र, तिथल्या आयआयजीजे-आरएलसी या प्रयोगशाळेचे (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी) अहवालही बाजारात चालतात. खडा शक्यतो सुटा द्या. अंगठीत बसवलेल्याचं नेमकं वजन करता येत नाही आणि तळ झाकलेला राहतो.

अहवालात दोन ओळी शोधा. पहिली, हा कोणता दगड आणि नैसर्गिक की कृत्रिम. दुसरी, प्रक्रिया: तापवल्याची खूण आहे किंवा नाही, भेगांत काच किंवा तेल आहे का. काही स्वस्त कार्डांवर पहिलीच ओळ असते आणि दुसऱ्या ओळीची जागा रिकामी. रिकामी जागा म्हणजे 'प्रक्रिया नाही' असं समजू नका. दुकानाच्या स्वतःच्या नावाने छापलेलं कार्ड ही त्यांची हमी आहे, तपासणी नाही. अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून जुळतो का ते दुकानातच पाहा.

१०. कागदावरचा आणि अंगठीतला खडा एकच आहे, हे कसं कळेल?

सुटा असताना वजन आणि मिलिमीटरमधली तिन्ही मापं अहवालाशी ताडा. मग भिंगाला मोबाइल लावून आतल्या एखाद्या खुणेचा फोटो काढा: वाकडा धागा, ठिपक्यांची जोडी, काहीही. ती खूण दुसऱ्या खड्यात तशीच्या तशी सापडत नाही. अंगठी तयार झाल्यावर तीच शोधा. हे कारागिरावर अविश्वास म्हणून करायचं नाही. एका दिवसात दहा पुड्या हातांखालून जातात, चूक कुणाचीही होते.

११. बर्मा, सिलोन, काश्मीर, कोलंबिया... या नावांसाठी जास्त पैसे द्यावेत का?

पहिल्या खरेदीत नको. काश्मिरी नीलम १८८१ च्या सुमारास पाडर भागात सापडला, चांगला माल थोड्या वर्षांतच काढून झाला. आज रस्त्यावरच्या दुकानात 'काश्मिरी' म्हणून मिळतो तो बहुधा नुसता त्या रंगाचा. माणकाचंही तसंच. बर्मातल्या मोगोकची कीर्ती मोठी, पण आज बाजारात मोझांबिकच्या माँतेप्वेझचा माल भरपूर आहे आणि त्यातली काही माणकं अप्रतिम असतात. बाजारात देशाचं नाव पुष्कळदा रंगाचं वर्णन म्हणून येतं. मूळ स्थानाचे पैसे मागत असतील तर ते नाव प्रयोगशाळेच्या अहवालात हवं. तिथेही ते तज्ज्ञांचं मत असतं.

१२. मुंबईत नेमकं कुठे जावं?

झवेरी बाजारात निवड खूप, पण नवख्याचा गोंधळ होतो. ऑपेरा हाऊसकडे व्यापारी जास्त, ओळखीशिवाय गेलात तर फारसं हाती लागत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातला भारत डायमंड बोर्स हिऱ्यांचा, तोही व्यापाऱ्यांसाठी. दादर, पार्ले, ठाणे इथल्या तीन पिढ्यांच्या सराफाकडे निवड कमी मिळेल, पण उद्या काही झालं तर तो तिथेच असेल. मी पहिल्या खड्यासाठी तेच सुचवते. 'प्रयोगशाळेत तपासून घेते, वेगळं निघालं तर परत' हे पावतीवर लिहून देणारा माणूस शोधा.

१३. अंगठीवर हॉलमार्क आहे. म्हणजे खडाही खरा ना?

नाही. हॉलमार्क आणि त्यासोबतचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, सोन्याची शुद्धता सांगतात. सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि एचयूआयडी बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. खड्याबद्दल त्यात काहीच नसतं. पावतीवर एकूण वजन, खड्याचं वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहिलंय का ते पाहा. नाहीतर खड्याचे पैसे एकदा खडा म्हणून आणि पुन्हा सोनं म्हणून द्याल.

१४. ज्योतिषांनी पाच रत्तीचा पुष्कराज सांगितलाय. काय पाहू?

रत्नाच्या फळाबद्दल बोलण्याचा माझा अधिकार नाही, ती ज्याची त्याची श्रद्धा. खरेदीपुरतं सांगते. त्यांना दोन गोष्टी विचारा: रत्ती कच्ची की पक्की (प्रश्न ३), आणि तापवलेला खडा चालेल का (प्रश्न ७). यावर ज्योतिषांची मतं वेगवेगळी असतात आणि किंमत त्यावरच ठरते. खड्याचा तळ बोटाला लागावा अशी त्यांची सूचना असेल, तर उघडी बैठक करून घ्या. सल्ला देणाऱ्याकडूनच खडा घ्यायचा असला तरी तपासणी टाळू नका. आणि घरात आजारपण, नोकरीची चिंता असेल तर कर्ज काढून खडा घेऊ नका, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगते.

१५. रोज लोकलने जाते. कोणता खडा टिकेल?

माणिक, नीलम, पुष्कराज. पाचू कठीण असला तरी ठिसूळ, आणि गर्दीत कडी पकडताना अंगठी लोखंडावर आपटतेच. पाचू हवाच असेल तर चारी बाजूंनी सोन्याची पट्टी असलेली बैठक करा, नुसते पंजे नकोत. मोती, पोवळं कानात किंवा गळ्यात ठेवा. घामाने त्यांचं तेज जातं, म्हणून मऊ कापडाने पुसून ठेवा. सफाईला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. दुकानातलं अल्ट्रासोनिक यंत्र पाचू, मोती आणि काच भरलेल्या खड्यांना चालत नाही.

१६. आजीच्या पेटीतला दागिना आहे. जुना म्हणजे खडा खराच असणार ना?

तसं नाही. प्रश्न ६ मधलं १९०२ साल आठवा. आजीच्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून कृत्रिम माणकं मिळत होती, आणि त्या काळी तीही हौसेने घेतली जात. बंद कोंदणातल्या खड्यामागे चमकीचा पत्रा असतो आणि रंगाचा काही भाग त्याचा असतो. तो पाण्यात बुडवू नका, पाणी शिरलं की पत्रा काळा पडतो. तपासण्यासाठी कोंदण उकलायची घाई करू नका. पुष्कळदा त्या घडणीचंच मोल खड्यापेक्षा जास्त असतं.

१७. पुढे विकायचा झाला तर किती मिळतील?

दिलेत त्यापेक्षा बहुधा बरेच कमी. सोन्यासारखा रोजचा भाव खड्याला नसतो. गुंतवणूक म्हणून पहिला खडा घेऊ नका. दुकानदार परत घेण्याचं आश्वासन देत असेल तर किती टक्के आणि रोख की बदली माल, हे लिहून घ्या.

१८. दोन प्रयोगशाळांनी वेगळं सांगितलं. कोण खरं?

कधीकधी दोघेही. माणिक आणि गुलाबी नीलम यांच्यातली सीमा रंगाची आहे आणि ती प्रत्येक प्रयोगशाळा थोडी वेगळी आखते. पाचूतलं तेल 'थोडं' की 'मध्यम' यावरही फरक पडतो. असा सीमेवरचा खडा कमी भावाच्या नावाने मिळत असेल तरच घ्या. मात्र नैसर्गिक की कृत्रिम यावर दोन अहवाल भांडत असतील, तर तिसरीकडे तपासेपर्यंत पैसे देऊ नका.

१९. घेतल्यावर कळलं की काच भरलेली होती. आता काय करू?

आधी अंगठी घालणं थांबवा आणि खडा दुकानातल्या कुणाच्या हाती देण्यापूर्वी प्रयोगशाळेचा अहवाल घ्या. मग अहवालाची प्रत जोडून दुकानाला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावं लागतं.

यातलं काहीही कच्च्या चिठ्ठीवर उभं राहत नाही. 'जीएसटी वाचवू' म्हणून साध्या कागदावर आकडा लिहून देतात, तो घेऊ नका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कोणताही दुकानदार कायद्याने घेऊ शकत नाही, तेव्हा मोठी रक्कम बँकेतूनच द्या. पक्क्या पावतीवर एवढं असावं: दगडाचं नाव, नैसर्गिक की कृत्रिम, प्रक्रिया कोणती, वजन कॅरेटमध्ये. आत्याच्या पावतीवर यातलं 'प्रक्रिया' सोडून सगळं होतं. तिने ती अंगठी मोडली नाही, पांढुरक्या रेघांसकट अजून घालते, आणि कुणी नवं माणिक दाखवायला आणलं की चष्मा लावून आधी पावती मागते.